टेबलावरचा ब्रेक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. वायरमनसाठी करंट असतो किंवा नसतो... मधलं काही नसतं. तरी हे लिहितोय, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलंय.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत मी वणी-मुकुटबन रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वायरमन होतो. कापूस साफ करणारा खिळ्यांचा जड ड्रम मोटर बंद केल्यावरही बराच वेळ गरगरत राहायचा. म्हणून मी डीसी ब्रेक बसवला. बटण दाबलं की आधी मोटरचा एसी करंट तुटायचा, मग एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर मोटरच्या वाइंडिंगला, आतल्या तारांच्या वेटोळ्याला, डीसी द्यायचा आणि ड्रम जागच्या जागी उभा! वाइंडिंग तापू नये म्हणून टायमर लगेच डीसीही तोडायचा.

ड्रमवर काम करणाऱ्या कांताबाई म्हणाल्या, "भाऊ, माह्या नवऱ्याले बी लावून द्या हा बिरेक!"

पुढे बायकांना सवयच लागली — बटण दाबायचं की अडकलेला कापूस काढायला सरळ हात आत.

एक दिवस रेक्टिफायर जळला. शेठ म्हणाले, "गेटावर गाड्या उभ्या हायेत. आज तसंच चालव." मी रेक्टिफायर काढून टेबलावर ठेवला, मशीन चालू केली. कांताबाईंना सांगितलं असतं तर काम थांबलं असतं... मी गप्प राहिलो.

दुपारी कापूस अडकला. त्यांनी बटण दाबलं, हात घातला. मी ओरडणार तोच ड्रम थांबला — झटक्यात, ब्रेक लागल्यासारखा.

"आज लय जोरात लागला, भाऊ," त्या हसल्या.

मी पट्टा पाहिला, बेअरिंग पाहिलं. ड्रम हाताने ढकलला तर मोकळा फिरत राहिला. डीसीच्या वायरी सुट्याच होत्या. मी फ्यूज काढून खिशात घातले आणि शेठकडे गेलो.

"ब्रेक आल्याशिवाय मशीन चालणार नाही."

"नोकरी जाईन तुही."

"जाऊ द्या, शेठ."

गेली नाही. पण माझाच ब्रेक लागला असं समजून कांताबाई हसल्या होत्या; ते हसू मी इतकी वर्षं फुकट वापरलं. परवा त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या हाताची बोटं उघडमीट करत बसल्या.

"तवाच काहून नाही सांगतलं?" आणि मग हळूच, "मंग मशीन थांबवली कोनं?"

मला आजही माहीत नाही. पण जे काही होतं ते पुन्हा थांबवेल, या भरवशावर त्यानंतर मी एकही मशीन चालू केलेली नाही.