फ्रॉकचं इलॅस्टिक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं पोस्टिंग लडाखमधल्या एका फील्ड हॉस्पिटलला होतं. उंची साडेअकरा हजार फूट. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. माझं गाव टोकावडे. भाऊ-वहिनी शहापूरला राहायचे.

रोज सहाला वॉर्ड राउंड. त्यानंतर वर पोस्टवर जाणाऱ्या प्रत्येक जवानाचे पाय तपासायचे. बोटं, टाचा, नखं. शेवटी मोजे. आत सुती, बाहेर लोकरीचे, आणि दोन्ही सैल. पाय आवळला की बोटांपर्यंत रक्त पोचत नाही आणि बोटं गोठतात. हे मी दिवसातून तीस वेळा सांगत असे.

नोव्हेंबरात वहिनीचं पार्सल आलं. ती घरी टोप्या, हातमोजे, मफलर विणायची. शेजारणी हसायच्या, "शहापूरच्या उन्हात लोकर कोनाला गो?" म्हणून तिने सगळं मला धाडलं. त्यात मोज्यांचे सहा जोड होते. सोबत चिठ्ठी. "घसरू नयेत म्हणून वरच्या काठात पिंकीच्या जुन्या फ्रॉकचं इलॅस्टिक ओवलंय. घट्ट बसतील बघ." पिंकी माझी भाची. आमच्याकडे मोजे घालायचे ते शाळेच्या बुटात, आणि ते घसरतात एवढीच त्यांची खोड. मोजा आवळतो हा दोष असू शकतो, हे शहापुरात कुणाला ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. मी चिठ्ठी वाचून हसले आणि पार्सल कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लान्स नाईक दत्तू तपासणीला आला. आमच्या शहापूरजवळच्या डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. चारचौघांत मला मॅडम म्हणायचा, एरवी ताई.

"ताई, पार्सल आलं म्हनं. खायाचं काय नाय?"

"मोजे आहेत. शहापूरचे."

"शहापूरला मोजे? बर्फ पडला का काय थितं?"

त्याने दोन जोड घेतले. एक लगेच चढवला. "मस्त घट्ट हायेत. सरकारी नुसते गळतात." त्या दिवशी रांग मोठी होती. मी त्याच्या कार्डावर 'फिट' लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. तो चार्ली पोस्टवर गेला.

आठव्या दिवशी माझे मोजे वाळले नव्हते, म्हणून मी स्वतः त्यातला एक जोड घातला. दुपारी दोनला ड्यूटी संपल्यावर काढला. पोटरीखाली लाल वळ. करंगळी पांढरी, सुई टोचली तरी कळेना. आणि मी तर बुखारी, म्हणजे तिथली शेगडी, पेटवलेल्या उबदार वॉर्डात होते.

दोन दहाला मी रेडिओ रूममध्ये होते.

"चार्ली, बेस. मेडिकल मेसेज. लान्स नाईक दत्तूचे मोजे ताबडतोब काढा. ओव्हर."

"बेस, चार्ली. मोजे? परत सांगा. ओव्हर."

"मोजे. घरचे. काढा आणि बोटांचा रंग सांगा. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर.

"बोटं काळी. सकाळपासून धाप लागतेय. खोकल्यातून गुलाबी फेस. ओव्हर."

उंचीवरच्या विरळ हवेने फुफ्फुसात पाणी. त्यावर पहिला इलाज म्हणजे माणूस खाली उतरवणं. ढगांमुळे हेलिकॉप्टर उडेना. आदल्या महिन्यात त्याच पोस्टवरचा एक शिपाई असाच आजारी पडला होता. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो पाच तासांत चालत खाली आला आणि वाचला. दत्तूला त्या काळ्या बोटांवर उभं राहता येत नव्हतं. कमरेएवढ्या बर्फातून स्ट्रेचरला वीस तास लागले.

दुसऱ्या दिवशी अकरा वीसला तो पोचला. मला ओळखलं.

"ताई, पाय ऱ्हातील ना?"

"राहतील."

बारा पाचला तो गेला. रिपोर्टमध्ये कारण फुफ्फुसांचं होतं. मोज्यांची ओळ मी माझ्या हाताने खाली लिहिली.

फेब्रुवारीत रजा मिळाली. वहिनीला सगळं सांगितलं.

"मी मारला का गो त्याला?"

"तुला माहीत नव्हतं. मला होतं."

दुसऱ्या दिवशी एसटीने डोळखांबला उतरले आणि पायी पाड्यावर गेले. दत्तूची आई अंगणात नाचणी पाखडत होती. पायात मोजे. त्याच्या ट्रंकेतून आलेला, न वापरलेला दुसरा जोड.

"लय आवळतात," ती म्हणाली. "पन त्याचे हायेत. काढीत नाय मी."

मी पर्समधली कात्री काढली. तिचे पाय पुढे घेतले आणि दोन्ही इलॅस्टिकं कापली.

"का गो कापलंस?"

मी सांगितलं. काही गाळलं नाही.

"म्हंजे सैल असते तर तो चालत आला असता?"

"बहुतेक आला असता."

ती पाखडत राहिली. सूप रिकामं झाल्यावर म्हणाली, "ऊठ आता. तुझी गाडी जाईल."

लान्स नाईक दत्तू. वय सव्वीस. त्याचं स्ट्रेचर उचलणाऱ्यांनी मला नंतर सांगितलं, तिसऱ्या दिवसापासूनच त्याला पाय जड वाटत होते. मोजे बदल म्हटलं, तर तो म्हणायचा, "गावचे हायेत. होतील सैल."