मऊ टोकाचं काडतूस

दिनू गेल्याचं मला त्याच्या मुलाच्या फोनवरून कळलं. मी पेणच्या बाजारात होतो, हातात भाजीची पिशवी. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी पिशवी एका दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि रोह्याची एसटी पकडली. ती पिशवी आणायला पुन्हा गेलोच नाही.

आमची शेतं रोह्याजवळच्या गावात, बांधाला बांध लागून. मी पेणला मास्तरकी केली. दिनू कंपनीत शिफ्ट करून शेत सांभाळत राहिला. भात निघालं की आम्ही वाल पेरायचो आणि शेंगा धरल्या की रानडुकरं यायची. दिनूकडे वडिलांची रायफल होती, परवाना होता, डुकरापुरती वनखात्याची परवानगीही त्याने काढली होती. रविवारी दिवस मावळायच्या आधी आम्ही शेतातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसायचो. फळी दोघांपुरतीच. गप्पा कमी, शेंगदाणे जास्त. काडतुसाच्या बाबतीत मात्र हा माणूस भलताच चिकित्सक. मऊ टोकाची गोळी डुकराच्या अंगात पसरते आणि बहुतेक तिथेच थांबते. कडक टोकाची आरपार निघून पुढे कुठंही जाते. "मास्तर, डुकराला काय, कुठलंबी चालतं. त्याच्या मागं कोन हाय ते बघून काडतूस घ्यायचं," असं म्हणायचा. आमच्या शेतांच्या मागे कातकरवाडी आहे.

एका वर्षी दुकानात मऊ टोकाची काडतुसं संपली होती. दिनू रिकाम्या हाताने परत निघाला, मीच त्याला अडवलं. "गोळी ती गोळी! घे ही कडक आणि चल." माझ्या हट्टापायी त्याने डबी घेतली. त्याच रविवारी भलंमोठं डुक्कर माझ्या वालात शिरलं. गावातले चारजण माळ्याखाली उभे होते. दिनूने नेम धरला... धरून राहिला... आणि रायफल खाली घेतली. पलीकडे वाडीत चुली पेटल्या होत्या, धूर वर येत होता. मला दिसत होते ते फक्त माझे वाल. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दिनू, तुझ्यात दम उरला नाय. बांगड्या भर हातात." लोक हसले. त्याने काडतूस काढून डबीत ठेवलं. "व्हय मास्तर," एवढंच म्हणाला.

मी पुन्हा माळ्यावर गेलो नाही. लग्नाकार्यात, मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीला भेट व्हायची. तो हसून बोलायचा, मीही हसायचो. आपलं चुकलं हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं, पण सांगायला जीभ रेटली नाही. पुढच्या खेपेला सांगू, शिमग्याला सांगू... आठ वर्षं गेली.

बाराव्यानंतर रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची होती. मुलाबरोबर मीही गेलो. हवालदाराने कडक काडतुसांची ती डबी उघडली. "ही तर सगळी कोरी हायत. मग घेतली कशाला?" मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "मी घ्यायला लावली. मागे वाडी आहे, म्हणून त्याने उडवली नाहीत. त्याचं बरोबर होतं." हवालदाराला त्याचं काय! त्याने मान हलवली आणि पुढचं लिहायला घेतलं. आठ वर्षं दिनूला सांगायचं राहिलेलं मी एका अनोळखी माणसाला सांगून बसलो होतो. बाहेर आल्यावर मला रडू आवरेना.

दिनूच्या घरी वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "भावोजी, माळ्यावर शेजारी कुनाला बसू दिलं नाय त्यांनी. पोरालापन खाली उभा करायचे. मास्तरची जागा हाय म्हनायचे, येतील कधीतरी."

आता दर रविवारी मी जातो. फळीवर डावीकडे माझी जागा, तिथेच बसतो. उजवीकडे सरकत नाही. डुकरं येतात, वाल तुडवतात... तुडवू देत. माझी नजर आधी त्यांच्या मागे जाते, वाडीत चुली पेटलेल्या असतात. घरून निघताना सवयीने दोघांपुरते शेंगदाणे खिशात घालतो. घरी परततो तेव्हा निम्मे तसेच असतात.