ड्राय म्हणजे कोरडं

रामनगरहून जोयड्याकडं जाताना रस्त्यापासून थोडं आत एक शेड आहे, तिथं बिअर बनते. कारखाना म्हणावा एवढं काही नाही. तीन टाक्या, एक थंड खोली आणि मागच्या बाजूला माझी भट्टी.

मी बार्शीकडचा. आमच्या घरात फुटाणे भाजायचा धंदा. सहावीत शाळा सोडली ती भट्टीपाशी बसायलाच. पुढं गावची भट्टी बंद पडली आणि मी गाडा घेऊन बाजार फिरत इतक्या लांब, कर्नाटकात आलो. रामनगरच्या बाजारात अण्णांनी, म्हणजे या शेडच्या मालकांनी, माझ्याकडचे मूठभर फुटाणे घेतले, उभ्या उभ्या चावले आणि विचारलं, "कुणी भाजलेत?" मी म्हणालो, मीच. "मग जव भाजशील का?" मी हो म्हणालो. जव मी आयुष्यात भाजले नव्हते.

अण्णांनी राहायला खोली दिली. आल्या आल्या मला ताप आला तेव्हा स्वतःच्या जीपमधून जोयड्याला दवाखान्यात नेलं, आणि परत येताना रस्त्यात थांबून मऊ भात चारला. मालक म्हणायचं नाही, अण्णा म्हणायचं, हेही त्यांनीच सांगितलं. एवढं सगळं मिळाल्यावर माणसाला एकच धास्ती राहते, हे हातचं जाईल की काय. त्यामुळं मी कधी काही विचारत नसे. विचारलं की कळतं, याला येत नाही.

भाजण्यात खरा खेळ पाण्याचा असतो. दाणा आधी ओलवून मुरवायचा. मग तापवायचा, आणि मनासारखा रंग आला की उतरवता उतरवता पाण्याचा शिपका मारायचा. शिपका बसला की दाणा तिथंच थांबतो. नाहीतर खालची आग काढली तरी ढिगात तो आतल्या आत भाजतच राहतो. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, झोपेतसुद्धा.

त्या वेळी अण्णांनी काळी बिअर करायची ठरवली होती, स्टाऊट. सेंद्रिय जवाची. खानापूरकडचा एक म्हातारा शेतकरी स्वतः पोती घेऊन आला होता. त्यानं एक दाणा दातानं फोडून मला दाखवला, "बघ, आत कसा पांढराशुभ्र हाय. औषध न्हाई, काय न्हाई." भाजायच्या दिवशी अण्णा बेळगावला होते. तिथून फोन आला, आवाज तुटत होता. "काळाकुट्ट भाज. आणि लक्षात ठेव, ड्राय स्टाऊट आहे. ड्राय. एकदम ड्राय झाली पाहिजे."

ड्राय म्हणजे कोरडं, एवढं इंग्रजी मला येतं. म्हणजे पाणी नको. मला पटलं नाही, पण अण्णा शिकलेले, पुस्तकं वाचून करणारे. फोन परत लावावा असं दोनदा वाटलं. नाही लावला. जव कोरडेच तापवले, काळे झाल्यावर कोरडेच उतरवले. ढीग उपसला तेव्हा मधले दाणे कोळशासारखे चमकत होते आणि वास खमंग नव्हता, जळका होता. टाक्या बघणारे मामा, इथल्याच गावचे, त्यांनी ते दळून टाकीत घातलेसुद्धा. मी बघत उभा होतो.

त्यानंतर तीन आठवडे टाकी बंद. आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही आणि आत गेलेलं बाहेर काढता येत नाही. रोज त्या टाकीवरून हात फिरवायचो, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. अण्णा दिसले की सांगायचं ठरवायचो, आणि ते म्हणायचे, "जेवलास का?" की झालं.

चव घ्यायचा दिवस आला. दुपारची वेळ. अण्णांनी तीन ग्लास भरले. काळीभोर, वर दाट तपकिरी फेस. दिसायला इतकी देखणी होती की मला क्षणभर वाटलं, वाचलो.

अण्णांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळायच्या आधीच थांबले. मामांनी गटकन घेतली.

"काय हो मामा?"

"ऱ्हाऊ द्या."

"बोला की."

"चुलीतली राख चाटल्यागत लागतंय. आमची म्हातारी ह्येनंच भांडी घासती."

मीही प्यालो. आधी कोरा चहा फार उकळल्यासारखं कडू, मग जिभेवर राख, आणि गिळल्यावर घसा खरखरीत.

अण्णांनी ग्लास बाजूला सारला. मग म्हणाले, "जवच खराब असणार. सेंद्रिय म्हणून डोळे झाकून घेतले. त्या म्हाताऱ्याला कळवतो, पुढच्या साली नको म्हणून."

त्यांनी खिशातून फोन काढला. मला बोलायचं नव्हतं, खरंच नव्हतं. पण तोंडातून आलं, "अण्णा, जव चांगले होते. मी शिपका मारला नाही."

"का?"

"तुम्ही म्हणालात, ड्राय पाहिजे."

मामा हसायला लागले. मला ते तम्माच म्हणतात, कानडीत धाकटा भाऊ. "आरं तम्मा, आमाला वाटलं, ड्राय-डेला प्यायची म्हणून ड्राय."

अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "ड्राय म्हणजे गोडवा न उरलेली," ते हळू म्हणाले. "जिभेवर साखर राहू नये, एवढंच. मी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यासमोर मान खाली घालता येते, पाया पडता येतं, पिशवी भरून निघून जाता येतं. चूक त्यांनीच उचलून घेतल्यावर मी काय करायचं? मी म्हणालो, "मी जातो गावाकडं." ते म्हणाले, "भट्टी कोण पेटवणार मग?" आणि त्यांनी फोन लावला. म्हाताऱ्याकडं अजून चार पोती आहेत का, ते विचारायला.

फोन ठेवून ते मला म्हणाले, "टाकी रिकामी करायला लागेल. तूच सोड."

मी खाली बसून कॉक फिरवला. काळी धार गटारातून मागच्या खड्ड्याकडं निघाली, वर फेस तरंगत. मामा फावड्यानं वाट मोकळी करत होते. अण्णा दाराशी आमच्याकडं पाठ करून उभे होते. टाकी रिकामी व्हायला फार वेळ लागला. मधेच एकदा त्यांनी मागं न बघता विचारलं, "झाली?"

"अजून आहे, अण्णा," मी म्हणालो.