वीस बाटल्या एरंडेल

मी दोन वर्षं स्पीडबोटींच्या शर्यतींत काम केलं आणि त्या दोन वर्षांत एकदाही बोट चालवली नाही. माझं काम डबा हलवायचं होतं.

हसू नका. तो डबा साधा नव्हता. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मुंबईच्या एका शेटला वेगाचं वेड होतं आणि त्याच्या दोन बोटी कशेळीच्या खाडीवर रफिकभाईच्या वर्कशॉपमध्ये असायच्या. शर्यत मुंबईच्या समुद्रात, तयारी आमच्या भिवंडीच्या खाडीत. रफिकभाई एरवी रेतीवाल्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, पण त्याचा जीव या दोन बोटींत. पत्रावळीसारखी हलकी फायबरची बोट आणि तिच्या पाठीला बाहेरून टांगलेलं राक्षसासारखं इंजिन! खाडीत सुटली की पाण्याला नुसती शिवत जायची. काठावरचे बगळे उडायचे, ते थेट पूर्ण्याच्या शेतांत जाऊन बसायचे. (तेव्हा पूर्ण्याला शेतं होती. आता सगळी गोदामं आहेत, बगळ्यांनी बसायचं कुठं?)

या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागे. परदेशी रेसिंगचं तेल मिळणं मुश्कील, तेव्हा रफिकभाईने जुनी युक्ती काढली होती. एरंडेल! इंजिन कितीही तापलं तरी एरंडेल आपली जागा सोडत नाही. एकच खोड होती. पेट्रोलशी त्याचं फार वेळ पटायचं नाही. जरा स्वस्थ ठेवलं की ते वेगळं होऊन तळाशी जाऊन बसायचं. म्हणून बोट सुटेपर्यंत कोणीतरी डबा सतत हलवत राहायचा. तो कोणीतरी म्हणजे मी. आजही कुठे जळक्या एरंडेलाचा तो गोडसर वास आला की माझे दोन्ही हात आपोआप हलायला लागतात.

आता एरंडेल आणायचं कुठून? तेलाच्या घाण्यावरचं मोठ्या डब्यातलं एरंडेल रफिकभाईला चालेना. "साफ मंगता, सुरेश. दवाईवाला." दवाईवालं एरंडेल औषधाच्या दुकानात छोट्या बाटल्यांत मिळतं आणि आम्हाला आठवड्याला वीस बाटल्या लागत. एका दुकानात चार-पाचच्या वर निघायच्या नाहीत. त्यामुळे दर शनिवारी मी पिशवी घेऊन वंजारपट्टीपासून मंडईपर्यंत सगळी दुकानं पालथी घालायचो.

पहिल्याच दुकानात केमिस्टने विचारलं, घरात कोणाला त्रास आहे? मी म्हणालो, इंजिनाला. त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, तेवीस वर्षं या गल्ल्यावर बसतोय, एरंडेल घेणारा आजवर खरं बोललेला नाही, पण इंजिन पहिल्यांदाच ऐकलं. दुकानातले पाच-सहा जण मनापासून हसले. त्यांत दोन बायका होत्या. मी चोवीस वर्षांचा. कान तापले. पुढच्या दुकानात तोच प्रश्न आला तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "आईला."

इथे माझं चुकलं हे मी आजही कबूल करतो. पण एकदा आईला आजारी पाडल्यावर एकट्या आईच्या नावावर वीस बाटल्या खपेनात. तेव्हा तिसऱ्या दुकानात दादांना, म्हणजे वडिलांना लावलं. चौथ्यात गावाहून आलेल्या आत्याला. आत्या तर दोन वर्षांत भिवंडीला फिरकलीही नव्हती!

महिन्याभरात आमच्या घराकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. नळावरच्या बायका आईला नंबर नसताना पुढे जाऊ द्यायच्या. रविवारी विहारात वंदनेला गेली की दाराजवळची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवायच्या, म्हणजे उठायला सोयीचं पडेल. एका बारशात सगळ्यांच्या पानात जिलेबी पडली आणि आईच्या पानात मऊ वरणभात. दादा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम चालू करून देणारे. त्यांच्या मालकाने न मागता त्यांना संडासाच्या भिंतीलगतचे लूम दिले. शेजारच्या काकूंनी तर सांगून टाकलं की अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात तीन रविवार बसा, मोकळं वाटेल.

आई एक दिवस माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सुरेश, मला एक सांग. ही लोकं मला पपया का देतात?"

"प्रेमाने देत असतील."

"दोन दिवसांत सात? मला काय धाड भरलीय?"

मी पपई खात राहिलो. खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

त्याच सुमाराला मामाने पडघ्याचं स्थळ आणलं. मुलीचे वडील शाळेत शिक्षक, सगळं पडघा त्यांना गुरुजी म्हणायचं. मुलीचं नाव सुनंदा. आम्ही बघायला गेलो आणि मी पोह्यांची बशी थेट गुरुजींच्या धोतरावर पालथी घातली. झाडून सगळे हसले, माझे दादासुद्धा. सुनंदा हसली नाही. खाली वाकून तिने पोहे गोळा केले, दुसरी बशी आणून माझ्या हातात दिली आणि पहिला घास जाईपर्यंत बशीला खालून आपला हात लावून उभी राहिली. परत येताना पडघ्याच्या स्टँडवर बसची वाट बघत असताना मी मनाशी ठरवलं, लग्न करायचं तर हिच्याशीच. इतकं कशाचंच मला आजवर वाटलं नव्हतं. बोटीचंसुद्धा नाही.

पण गुरुजी चौकशीशिवाय मुलगी देणारे नव्हते, आणि त्यांची चौकशीची पद्धत जगावेगळी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते विचारतच नसत. शेजारी एक तर भांडलेले असतात नाहीतर मिंधे, असं त्यांचं म्हणणं. ते जायचे शिंप्याकडे, किराणावाल्याकडे आणि औषधाच्या दुकानात. घर कसं आहे ते या तिघांना कळतं!

चार दिवसांनी मामा पडेल चेहऱ्याने आला. गुरुजींचा निरोप होता, मुलगा सरळ वाटतो, पण आठवड्याला वीस बाटल्या एरंडेल पिणाऱ्या घरात मुलगी कशी द्यायची? आईला आहे, वडिलांना आहे, आत्याला आहे, म्हणजे हे रक्तातच असणार.

दादा, आई आणि मामा तिघेही माझ्याकडे बघत राहिले. मग मला सगळं सांगावं लागलं. आई म्हणाली, "नऊ महिने पोटात वागवला तुला. त्याच पोटाची ही गत केलीस." मग मामाने मार्ग काढला. गुरुजींना खाडीवर बोलवायचं, बोट दाखवायची, एरंडेल कुठे जातं ते त्यांच्या डोळ्यांनी बघू दे.

गुरुजी रविवारी आले. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, हातात छत्री आणि वजन म्हणाल तर नव्वद किलोच्या वर. मी जयभीम घालून डबा खाली ठेवला, कारण सासरे होऊ घातलेल्या माणसासमोर डबा हलवत उभं राहणं बरं दिसत नाही. गुरुजींनी मला उभं आडवं विचारलं. मॅट्रिकला गणितात किती, विडी-तंबाखू आहे का, पुढे काय करायचा विचार आहे. मी हात बांधून उत्तरं देत होतो. पाणी उतरत चाललं होतं. डबा स्वस्थ होता. एरंडेल तळाशी चाललं होतं. माझ्या डोक्यात फक्त पडघा.

शेवटी गुरुजी म्हणाले, मी स्वतः बसून बघणार. रफिकभाईचा चेहराच उजळला. नव्या इंजिनाच्या जोराने बोटीचं नाक सारखं वर यायचं आणि पुढे बसवायला त्याला वजन हवंच होतं. एरवी तिथे मी बसायचो, पण माझे अठ्ठेचाळीस किलो तिला पुरत नव्हते. गुरुजींना तो अगदी अदबीने म्हणाला, "मास्तर, आप आगे बैठो. आपके जैसा आदमी तो हम कबसे ढूँढ रहे थे."

डबा तसाच बोटीत चढला, इंजिनाची नळी त्यात सोडली, बोट सुटली आणि काय सांगू! नाक तसूभर वर आलं नाही. इतकी सरळ, इतकी सुंदर ती कधीच गेली नव्हती. गुरुजींचं धोतर मागे झेंड्यासारखं फडफडत होतं, छत्री उलटी झाली होती, आणि मी काठावर उभा राहून टाळ्या वाजवत होतो. मग इंजिनाच्या नळीला तळाचं निव्वळ एरंडेल लागलं. पांढऱ्या धुराचा एक डोंगर उठला आणि त्यात बोट, रफिकभाई आणि माझं लग्न तिन्ही दिसेनाशी झाली. इंजिनाने दोन आचके दिले आणि सगळं शांत झालं.

धूर विरला तेव्हा बोट वाहत जाऊन चिखलात टेकली होती. मी वाचवायला धावलो आणि वीस पावलांत मांडीपर्यंत रुतलो. काठावरून कशेळीचा एक म्हातारा ओरडला, "हालू नको रं, आनखी जाशील आत. भरती आली का सुटशील. दोन तास हाय अजून."

तर अशी बैठक जमली. बोटीत एरंडेलाने न्हालेले गुरुजी आणि रफिकभाई, आणि त्यांच्यापासून चार हातांवर चिखलात रोवलेला मी. गुरुजींनी कोट झटकला, चष्मा पुसला आणि राहिलेली मुलाखत पुढे सुरू केली. (बोटीत बसेपर्यंत मी 'तुम्ही' होतो. चिखलात 'तू' झालो.)

"एरंडेल इंजिनाला लागतं हे पटलं. मग दुकानदाराला खरं का नाही सांगितलंस?"

"लोक हसले, गुरुजी. लाज वाटली."

"स्वतःची लाज झाकायला आईला आजारी पाडलंस. उद्या माझ्या मुलीला काय पाडशील?"

रफिकभाईने मान खाली घातली. दोन तास मी त्या एकाच वाक्यात उभा होतो, आणि ते चिखलापेक्षा जड होतं. पाणी चढलं, बोट तरंगली, मला काखेत धरून वर ओढलं, तेव्हा गुरुजी एवढंच म्हणाले, "आधी आईवरचं किटाळ काढ. मग पडघ्याला ये."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या दुकानांत गेलो. जिथे आईचं नाव घेतलं होतं तिथे आधी सांगितलं, आईला काही नाही, एरंडेल बोटीच्या शर्यतीला लागतं. केमिस्ट फार समजूतदारपणे म्हणाला, बरं, बरं, आईंना जपा. पुढच्यात मी इंजिनाचं चित्र काढून दाखवलं. तिथल्या माणसाने मला पाणी दिलं आणि बसायला स्टूल. जितकं खरं बोलावं तितकी लोकांना आमची कीव येत होती! मंडईतल्या दुकानात आमच्या गल्लीतल्या तीन बायका उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, तुझ्या आईला बिचारीला काय काय भोगावं लागतंय. ते ऐकलं आणि माझं डोकं सटकलं.

"आईला काही नाही," मी म्हणालो. "दादांना नाही, आत्याला नाही. मला आहे. सगळं एरंडेल मी पितो."

केमिस्टने हातातलं बिल खाली ठेवलं.

"वीसच्या वीस?"

"वीसच्या वीस."

ही बातमी संध्याकाळपर्यंत वंजारपट्टीला, दुसऱ्या दिवशी कारखान्यात आणि तिसऱ्या दिवशी पडघ्यात पोचली. आईला नळावर पुन्हा नंबर लावावा लागला आणि त्याचा तिला कोण आनंद झाला! पुढच्या बारशात तिने जिलेबी मागून घेतली. मला मात्र गल्लीतली पोरं वाट मोकळी करून द्यायला लागली. आठवड्याने गुरुजींचं कार्ड आलं. चार ओळी होत्या. कळलं, समाधान वाटलं, सोयरीक पक्की समजावी, तारीख कळवावी.

विहारात लग्न झालं. तोवर शेटचं वेड विमानांकडे वळलं होतं आणि बोटी विकल्या गेल्या होत्या. सुनंदाने ती बोट कधी बघितलीच नाही. आमचं छान चाललं होतं. सकाळी गरम पाणी, रात्री जेवणानंतर दोन केळी, भाकरीबरोबर रोज पालेभाजी. मला वाटलं, पडघ्याकडे अशीच पद्धत असेल. तीन महिन्यांनी आईने थट्टेत विषय काढला तेव्हा उलगडा झाला. गुरुजींनी सुनंदाला खाडीचं अक्षरही सांगितलं नव्हतं. तिच्या कानावर आली होती ती फक्त बाजारातली बातमी. म्हणजे त्या वीस बाटल्यांसकट, सगळं माहीत असून, तिने मला पत्करलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा हात धरून तिला सगळं सांगितलं. शेट, शर्यत, इंजिन, तळाशी बसणारं एरंडेल, धूर, चिखल, तिच्या वडिलांचं फडफडणारं धोतर. काही म्हणता काही गाळलं नाही.

सुनंदाने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "असू द्या हो. मी कुणाला सांगणार नाही."