तळातला कापूस

बोंडअळीच्या वर्षी लोहाऱ्याच्या आमच्या जिनिंगात कापसाची प्रत ठरवणारा एक ग्रेडर होता. त्याचा कशावरच विश्वास नव्हता. गाडी आली की वरचा पांढराशुभ्र कापूस बाजूला सारून तो खांद्यापर्यंत हात आत खुपसायचा अन् तळातला पिवळा, किडका कापूस मुठीत धरून बाहेर काढायचा. "वरचा सगळेच दाखवतेत," म्हणायचा. साखर विरघळली का, हे पाहायला चहाचाही तळ ढवळायचा.

जेवणाच्या सुट्टीत मात्र तो भिंतीकडे तोंड करून मोबाईलवर एका कोवळ्या चिनी पोरीला पाहत बसायचा. मी वजनकाट्यावर असायचो. मला दोन लेकी. मला ते बरं वाटेना. एक दिवस मागून डोकावलो, तर पोरगी फुटबॉल खेळत होती, गोलामागून गोल.

"मस्त खेळते!" मी म्हणालो.

"निवडून निवडून गोल जोडले हायत हे. वरचा कापूस हाय, भाऊ."

पुढच्या हंगामात त्यानंच सांगितलं, तिला परदेशातल्या क्लबनं घेतलं, पण गुडघा गेला. बरी झाली तरी मैदानात उतरवत नव्हते. तरी हा पुरा सामना पाहायचाच.

"बसून राह्यली थे. कायले पाहता?" मी विचारलं.

पडद्यावर तिच्या जागी खेळणारी दुसरी पोरगी पडली. ही बाकावरून उठून पाण्याची बाटली घेऊन धावली, तिला हात देऊन उभं केलं अन् पुन्हा जागेवर येऊन बसली.

त्यानं चिमटीत धागा ओढावा तशी बोटं चोळली.

"तळालेबी पांढराच निंगाला, भाऊ."