सादाएबाई आणि पाहुणीची आंघोळ

सादाए ओगा टॅक्सी चालवायला लागल्या तेव्हा पन्नाशी उलटली होती. नवरा गेंजिरो जपानातल्या आमच्या या बेप्पू गावातल्याच एका कंपनीची टॅक्सी चालवायचा. तो छातीत कळ येऊन गेला. महिन्याभराने बाई कंपनीच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यांची गाडी रिकामीच उभी आहे ना? मग मला द्या." टॅक्सीच्या परवान्याच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या. तेव्हापासून रोज सकाळी पांढरे हातमोजे घालून त्या माझ्या भाजीच्या दुकानावरून जातात आणि एकदा हॉर्न वाजवतात. तो नमस्कार समजायचा.

घर मोठं आणि माणूस एकटं, म्हणून वरची खोली त्यांनी डोंगरावरच्या विद्यापीठातल्या मुलींना भाड्याने द्यायला सुरुवात केली. पहिली आली ती इंडोनेशियाची रोस्मावती. मुलगी गुणी होती, पण बाईंच्या हातचं काही खाईना. भात आणि उकडलेलं अंडं, एवढंच. बाईंना राग आला. एक दिवस त्यांनी तिला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "माझ्या हाताला चव नाही का?"

मुलगी रडायलाच लागली. मग कळलं की तिच्या धर्मात दारू चालत नाही, आणि बाईंच्या मिसोत, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यात, दारूचा अंश होता, सोया सॉसमध्ये होता, आणि भाज्या शिजवायच्या त्या गोड रसात तर उघडउघड दारूच होती. डुकराचं मांस वाढलं नाही म्हणजे झालं, असं बाई समजत होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या निम्म्या बाटल्या मला आणून दिल्या. माझ्याकडे अजून त्यातलं काही शिल्लक असेल.

रोस्मावती शिकून गेली, पण तिच्या ओळखीच्या ओळखीने माणसं येत राहिली. कोणाचे आईवडील यायचे, कोणाचे काका. जेवायचं कुठे, नमाज कुठे पढायची, हे ज्यांना परक्या गावात सुचत नाही असे सगळे. बाई त्यांना दिवसभर फिरवायच्या. कंपनीच्या दरानेच, वर एक येन नाही.

गेल्या मार्चमध्ये हनीसा नावाच्या मुलीने बाईंना बोलावलं. ती मलेशियाची. पदवीचा समारंभ झाला होता आणि त्यासाठी तिची आई कलसोम पहिल्यांदाच देशाबाहेर आली होती. आई केलांतानच्या बाजारात कापड विकायची. ठेंगणी, रुंद, बोलायला खमकी. तीस वर्षं गाळ्यात उभी राहून तिचे गुडघे गेले होते. तिला कोणीतरी सांगितलं होतं की बेप्पूच्या गरम पाण्याने गुडघे सुटतात. "देऊळ-बिऊळ, किल्ला-बिल्ला राहू दे," तिने मुलीला सांगितलं होतं, "मला त्या पाण्यात बसव."

बाईंनी दिवस नीट आखला होता. सकाळी नरक दाखवायचे, दुपारी वाफेवरचं जेवण, बाईंच्या घरी नमाज, आणि मग एका सरायीत तासाभरासाठी घेतलेली खाजगी न्हाणी. कुलूप लावून एकट्याने आंघोळ करता येते अशी.

आमच्याकडच्या उकळत्या तळ्यांना नरक म्हणतात. निळ्या तळ्याच्या कठड्याशी कलसोम उभी राहिली. समोर वाफेचे लोट. तिने तिकिटाकडे पाहिलं आणि मुलीला काहीतरी म्हणाली. हनीसाला हसू आवरेना.

"काय म्हणतात?" सादाएबाईंनी विचारलं.

"म्हणते, नरकाची माहिती आम्हाला लहानपणापासून फुकट मिळते. इथे तिकीट लावलंय."

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या, "तिकिटात परत यायची सोय आहे."

कलसोमला ते फार आवडलं. तिथून त्या दोघींचं जमलं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण गाडीत दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या आणि मधे हनीसा थकून गेली.

जेवणाची भाजी माझ्याकडून नेली होती: रताळी, मका, लाल भोपळा, कोबी. कोळंबी आणि अंडी बाईंनी स्वतः आणली. आमच्याकडे घरामागे वाफेची चूल असते. जमिनीतली वाफ वर येते, तिच्यावर टोपली ठेवायची आणि झाकण घालायचं, बाकी काही नाही. पाहुण्यांसाठी बाईंच्या वेळूच्या टोपल्या वेगळ्या आहेत. त्या कोणाला देत नाहीत. मी एकदा मागितल्या तर म्हणाल्या, "तू त्यात डुक्कर उकडशील." खरं आहे, उकडलं असतं.

कलसोमने रताळ्याची साल काढली, मीठ लावून खाल्लं, आणखी एक मागितलं. नमाज झाली. बाईंच्या तातामीच्या, म्हणजे जाड चटया घातलेल्या खोलीत भिंतीवर रोस्मावतीने मक्केच्या दिशेची खूण करून ठेवलेली आहे. मग तिघी सरायीकडे निघणार, तेवढ्यात सरायीच्या मालकिणीचा फोन आला. झऱ्याच्या पाण्यातला क्षार नळीत साचून नळी बंद पडली होती. न्हाणी आज मिळणार नाही, माफ करा.

बाईंनी आणखी चार ठिकाणी फोन केले. समारंभाचे दिवस, सगळ्या खाजगी न्हाण्या भरलेल्या. सार्वजनिक ठिकाणी जाता आलं असतं, पण तिथे सगळ्याजणी एकत्र, अंगावर धागा नाही, आणि कलसोम तसं करणार नव्हती. लुंगी गुंडाळून उतरते म्हणाली, तर आमच्याकडे कापड पाण्यात बुडवत नाहीत. तो अगदी कडक नियम आहे.

"राहू दे," कलसोम म्हणाली. "पाय धुते आणि जाते."

ते ऐकून बाईंना वाईट वाटलं की अपमान, कोण जाणे. त्या गाडी घेऊन थेट माझ्या दुकानासमोर आल्या. दुकानाशेजारीच आमच्या आळीचं न्हाणीघर. वर सभेची खोली, खाली न्हाणी, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. आम्ही सभासद महिन्याची वर्गणी देतो आणि पाळीपाळीने घासतो. दुपारी तिथे फारसं कोणी नसतं. फारसं म्हणजे, तोमे आजी सोडून.

तोमे आजी नव्वदीच्या. रोज तीन वाजता आंघोळ. भूकंप झाला तेव्हाही तीन वाजताच गेल्या होत्या. त्या काखेत टोपलं घेऊन काठी टेकत येताना दिसल्या आणि सादाएबाई त्यांच्या आडव्या गेल्या.

"आजी, अर्धा तास थांबाल का? एक पाहुणी आहे. तिला एकटीला आंघोळ करायचीय."

"का? काही रोग आहे का तिला?"

"रोग नाही हो. त्यांच्यात लाज धरतात."

"असं." आजींनी काठी टेकली. "म्हणजे नव्वद वर्षं मी बिनलाजी आंघोळ करतेय."

"तसं म्हटलं का मी?"

"मग कसं म्हटलंस? न्हाणी माझ्या सासऱ्यांनी बांधली. दगड वाहिले त्यांनी. आणि मी बाहेर थांबू?"

मी मधे पडले. म्हटलं, "आजी, चहा घ्या, तेवढ्यात होईल." आजी म्हणाल्या, "तुझा चहा मला माहीत आहे."

गाडीजवळ उभ्या कलसोमने मुलीला विचारलं, म्हातारी काय म्हणते. हनीसा संकोचली, पण तिने सगळं सांगितलं, लाजेचंसुद्धा. कलसोम लंगडत पुढे आली, आजींसमोर वाकली आणि बोलू लागली. हनीसा सांगत गेली.

"मा म्हणते, आजींनी आधी जावं. माझी आई विहिरीवर पहाटे आंघोळीला जायची, तेव्हा राजा आला असता तरी तिने त्याला थांबवलं असतं. मी बसते बाहेर. वेळ उरला तर जाईन, नाही उरला तर नाही."

आजींनी तिला वरून खाली पाहिलं. मग गुडघ्यांकडे पाहिलं. "दोन्ही का एक?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," हनीसा म्हणाली.

"हं," म्हणून आजी आत गेल्या.

कलसोम माझ्या दुकानाच्या बाकावर बसली. तिने माझ्या मुळ्यांचा भाव विचारला आणि महाग आहे म्हणाली. सादाएबाई घड्याळ बघत फेऱ्या मारत होत्या. आजी एरवी तासभर लावतात. त्या दिवशी लवकर बाहेर आल्या, चेहरा लालबुंद, केस ओले. म्हणाल्या, "जा म्हणावं." आणि घरी न जाता उंबऱ्यावर बसल्या, काठी दारात आडवी टाकून.

सादाएबाई पाहुणीला आत घेऊन गेल्या, आधी अंग कसं धुवायचं ते दाखवलं आणि बाहेर आल्या. हनीसा दाराशी उभी. थोड्या वेळाने आतून किंचाळी आली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मा म्हणते, नरक इथेच आहे. फार कढत आहे म्हणते."

"गार पाण्याचा नळ सोडू नको म्हणावं!" आजी ओरडल्या. "पाणी पातळ होतं. पाय आधी, मग कंबर. हलायचं नाही. हललं की भाजतं."

हनीसाने ओरडून सांगितलं. आतून उत्तर आलं.

"मा विचारते, किती वेळ हलायचं नाही?"

"तिला शंभर मोजता येतात का?"

"ती बाजारात बसते, आजी."

"मग मोज म्हणावं."

तेवढ्यात आणखी दोघीजणी टोपली घेऊन आल्या. आजींनी काठी हलवली नाही. "आत माणूस आहे," म्हणाल्या. "मग काय झालं, आम्हीही माणसंच आहोत," त्यातली एक म्हणाली. ती हिराकावांची बायको, म्हणजे न्हाणीघराच्या सभासद मंडळाच्या अध्यक्षांची. "मी थांबले, तुम्हीही थांबा," आजी म्हणाल्या. "तुमचं वय काय?" हिराकावाबाई सत्तरीच्या. त्या तोंड वाकडं करून निघून गेल्या. दुसरी माझ्याकडून कांदे घेऊन गेली.

कलसोम बाहेर आली तेव्हा डोकं नीट झाकलेलं, गाल पेटलेले. उंबऱ्याची पायरी ती काही न धरता उतरली. आजींजवळ खाली बसली, त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. "उद्याही दुखतील," आजी म्हणाल्या. "एका दिवसात काही होत नाही. रोज यावं लागतं." हनीसाने ते सांगितलं. कलसोम म्हणाली, माहीत आहे.

तसंच झालं. संध्याकाळी डोंगरावर सोडताना तिचे गुडघे पुन्हा धरले होते, असं सादाएबाईंनी सांगितलं. उतरताना तिने बाईंच्या सीटवर एक बाटिकचं कापड ठेवलं. बाईंनी परत द्यायला हात पुढे केला, तर तिने तो हात घट्ट धरून गाडीतच दाबून ठेवला.

पुढच्या सभेत हिराकावांनी विषय काढला. आळीची न्हाणी म्हणजे सराय नव्हे, विचारल्याशिवाय पाहुणे आणणं बरं नव्हे. सादाएबाई उठून म्हणाल्या, चूक झाली, विचारायला हवं होतं. मग तिथेच म्हणाल्या, "आता विचारते." बराच वेळ वाद झाला. कोणी म्हणालं परदेशी माणसं पाणी घाण करतील, कोणी म्हणालं आपली नातवंडं काय कमी करतात. तोमे आजी एवढंच म्हणाल्या की तीन वाजता सोडून केव्हाही. शेवटी ठरलं: गुरुवारी सकाळी न्हाणी घासायला बंद असते, ती घासून झाल्यावर आणि सगळ्यांना उघडायच्या आधी, तेवढा वेळ पाहुण्यांचा. आणि ज्या गुरुवारी पाहुणी येईल, त्या गुरुवारी घासायचं सादाएबाईंनी.

महिन्यातून एकदोनदा तरी कोणी येतंच. टॅक्सीचे हातमोजे काढून, रबराचे चढवून बाई सकाळी दगड घासतात. पाठ दुखते म्हणून माझ्याकडे कुरकुरतात. मी म्हटलं, पाहुणे कमी घ्या. तर म्हणाल्या, "तू रताळी तयार ठेव, या गुरुवारी तिघी आहेत."