पेशीतला घरजावई

साताऱ्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि सासऱ्यांच्या घरी राहत होतो. घरजावई. सासरे सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, तोंडातून कधी वाकडा शब्द नाही. टोमणे मारले असते तर भांडता तरी आलं असतं.

सत्तरचं दशक होतं. पेशीतल्या मायटोकाँड्रियाविषयीचं नवं मत आमच्यापर्यंत नुकतंच पोहोचलं होतं. वर्गात मी रंगात येऊन सांगत होतो, हा मूळचा बाहेरचा जिवाणू. फार पूर्वी एका मोठ्या पेशीनं त्याला गिळलं, पण पचवलं नाही. तो आतच राहिला, पेशीला ऊर्जा पुरवू लागला. प्रथिनं बनवायची जिवाणूसारखी यंत्रणा मात्र त्यानं अजून स्वतःजवळ ठेवलीय.

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजी घरजावईच की वो सर."

वर्ग हसला. गावाला ठाऊक असलेलं पोरांना ठाऊक नसणार कसं? माझे कान तापले. "पण त्याची चूल वेगळी आहे," असं म्हणून मी फळ्याकडे तोंड फिरवलं.

माझी वेगळी चूल म्हणजे खोलीतला वातीचा स्टोव्ह. त्यावर मी आमच्याकडच्यासारखा गुळाचा चहा करायचो, एवढंच. गावी गेलो की आईला मात्र माझी चूल वेगळी आहे म्हणून फुशारकीनं सांगायचो.

त्याच आठवड्यात आई आली. सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात मेंढरांमागं जन्म गेलेला. एसटीतून उतरली ती बाजरीच्या पिठाचं गाठोडं घेऊन. स्टोव्ह बघून तिचा चेहरा फुलला.

"तुजी चूल येगळी हाय म्हनलास, म्हनून पीठ आनलं. तवा काड. आज तुज्या घरात माज्या हातची भाकरी खा."

तवा नव्हता. परात नव्हती, मीठसुद्धा नव्हतं. चहा सोडला तर सगळं आतल्या स्वयंपाकघरातून यायचं. मायटोकाँड्रियाचंही तसंच आहे. स्वतःची मोजकीच प्रथिनं तो बनवतो, बाकीची पेशीच्या केंद्रकाच्या हुकमानं बाहेरून येतात. हे मला माहीत होतं, वर्गात मात्र मी गाळलं होतं. लाजेनं मला मान वर करवेना.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "चला विहीणबाई, पानं वाढलीत." अगदी मानानं बोलावलं त्यांनी.

आईनं गाठोडं परत बांधलं. एकदा खोलीभर बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"चल रं," ती हळूच म्हणाली, "आपुन दोगंबी पावनंच."